राजाच्या सहीला बाजार, रुमालाला वाळवी

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या सहीचे कागद परदेशातल्या लिलावांत अधूनमधून विक्रीला येतात. डचांशी बोलणी करायला निघालेल्या वकिलाला दिलेले हुकूम, त्याच्या खर्चाची मंजुरी, धरलेली जहाजे सोडण्याची आज्ञा असा कोरडा मजकूर त्यांत असतो. माथ्यावर राजाचे नाव ऐटीत लिहिलेले असते आणि बोली लागते ती त्या नावाला. मजकूर कुणी लिहिला, त्याच्या मागचेपुढचे कागद कुठे आहेत, हुकूम पाळला गेला की नाही, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. हा परदेशी हौशी धनिकांचा खेळ आहे, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, असे कालपरवापर्यंत म्हणता येत होते. पण २०२४ मध्ये वाघनखे लंडनच्या संग्रहालयातून उसनवारीने साताऱ्याला आली, २०२५ मध्ये राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सोडवून आणली, आणि त्यानंतर ‘आता पुढे काय आणायचे’ ही चर्चा सुरू होणे स्वाभाविकच होते. तलवारीनंतर कागदाची पाळी येईल, तेव्हा आपणही सहीशिक्क्याच्या मोहात पडू, अशी चिन्हे आहेत. माझे म्हणणे असे की ऐतिहासिक कागदाचे मोल त्यावरच्या नावात नसते, तो ज्या रुमालात बांधलेला होता त्या रुमालात असते. आणि सार्वजनिक पैसा खर्चायचाच असेल तर तो लंडनच्या बोलीवर खर्चण्याआधी मुळशी तालुक्यातल्या मुठा गावासारख्या ठिकाणच्या माळ्यांवर खर्चावा.

राजाची सही किती कामाची असते, याचा उत्तम दाखला मुंबईच्याच जन्मकथेत आहे. मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली, हे शाळेत सगळेच शिकतात. पण हा हुंडा पोर्तुगालने दिला तो डचांच्या धाकाने, हे बहुधा सांगायचे राहून जाते. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो घेतले, १६५८ मध्ये जाफना घेतले. पोर्तुगीजांचा पूर्वेकडचा पसारा एकेक करून ढासळत होता. तेव्हा १६६१ च्या जून महिन्यात झालेल्या विवाहाच्या तहात राजकन्या कॅथरिनबरोबर मुंबईचे बेट देऊ केले गेले आणि एका गुप्त कलमाने चार्ल्सने पूर्वेकडची पोर्तुगीज ठाणी डचांपासून राखण्याची हमी दिली. म्हणजे मुंबईचा कागद हा वरून लग्नाचा आणि आतून डचांविरुद्धच्या मुत्सद्देगिरीचा. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन चारशेहून अधिक शिपाई घेऊन बेटाचा ताबा घ्यायला आला. त्याच्यापाशी राजाचे अधिकारपत्र होते. पोर्तुगीज व्हाइसरॉयने ते पाहिले आणि हरकत घेतली: पत्राचा नमुना आमच्याकडच्या रिवाजाला धरून नाही. नकाशाचा घोळ वेगळाच. इंग्रज म्हणत, साष्टी आणि ठाणे मुंबईतच मोडतात. पोर्तुगीज म्हणत, मुंबई म्हणजे फक्त मुंबईचे बेट. शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले, त्यांतले बहुतेक तापाने आणि उपासमारीने मेले. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने उरलेल्या शंभरेक माणसांनिशी मुंबईत पाय ठेवला, तोही पोर्तुगीजांच्या अटींवर करार लिहून देऊन. तो करार चार्ल्सने मागाहून झिडकारला. दोन राजांच्या मान्यतेचा तह आणि राजाचे अधिकारपत्र अडीच वर्षे समुद्रात तरंगत राहिले, आणि अखेर ज्या कागदाने ताबा मिळाला त्यावर सही होती एका चिटणिसाची.

पुढचा प्रकार तर आणखी मासलेवाईक आहे. डचांशी दुसरे युद्ध लढून खजिना रिता झालेल्या चार्ल्सने २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वार्षिक खंड दहा पौंड, सोन्यात. कायद्याच्या भाषेत हे बेट इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीचा भाग समजून दिले गेले. माहीमचे कोळी आणि माझगावचे भंडारी एका रात्रीत केंट परगण्याची रयत झाले, हे त्यांना कुणी सांगितले असेल असे वाटत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत याच राजाच्या वतीने सर विल्यम टेम्पलने हेगमध्ये डचांशी मैत्रीचा तह केला होता, त्यात स्वीडनही सामील झाले. आणि १६७० मध्ये याच राजाने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी डोव्हर येथे गुप्त तह करून त्याच डचांचा काटा काढायचे ठरवले. हा तह मोजक्या विश्वासू मंत्र्यांनाच ठाऊक होता. बाकीच्यांना दाखवण्यासाठी वर्षअखेरीस दुसरा तह रचण्यात आला, त्यातून राजाच्या धर्मांतराचे कलम वगळले होते, आणि त्यावर मंत्र्यांकडून राजरोस सह्या घेतल्या गेल्या. त्या सह्या खऱ्या होत्या, तह मात्र देखाव्याचा होता. खरा मजकूर १८३० मध्ये जॉन लिंगार्ड या इतिहासकाराने प्रसिद्ध केला, तो क्लिफर्ड या मंत्र्याच्या घराण्यात राहिलेल्या प्रतीवरून. एकशे साठ वर्षे तो कागद एका खासगी वाड्यात पडून होता आणि एवढा काळ डचांशी झालेल्या पुढच्या युद्धामागचे कारण कागदोपत्री सिद्ध करता येत नव्हते. चार्ल्सच्या डच धोरणासंबंधीचा सहीचा एखादा सुटा कागद कुणी आज विकत घेतला, तर त्याने नेमके काय घेतले? राजा कुठल्या दिवशी कुठली बाजू दाखवत होता, हे त्या एकट्या कागदावरून कळणार नाही. ते कळते भोवतालच्या शेकडो बिनसहीच्या टिपणांवरून, मसुद्यांवरून, हिशेबांवरून.

या युरोपीय भांडणाची झळ इथे लागली. तिसरे इंग्रज-डच युद्ध १६७२ मध्ये पेटले आणि १६७३ च्या फेब्रुवारीत रायक्लॉफ फान खून्स हा डच सेनापती वीसएक जहाजांचे आरमार घेऊन मुंबईसमोर उभा राहिला. गव्हर्नर जेराल्ड आँजिअरची तयारी बघून तो हल्ला न करताच निघून गेला. मुंबईवर चालून जाण्यासाठी डचांनी शिवाजी महाराजांचे साह्य मागितले, बदल्यात दंडाराजपुरी घेण्यासाठी आरमाराची मदत देऊ केली, अशी इंग्रजांच्या कागदांत नोंद आहे. महाराज त्या फंदात पडले नाहीत. १६७४ च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरला इंग्रज-डच तह झाला. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्याच मुक्कामात इंग्रज वकील हेन्री ऑक्सिंडेनने आणलेल्या मागण्यांचा तह ठरला. त्यातल्या फुटक्या जहाजांच्या कलमावर दरबाराने दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. किनाऱ्याला लागलेले फुटके जहाज परत देण्याचा कोकणात रिवाज नाही, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच सगळेच ती मागतील. हा मुरब्बी राजकारणाचा नमुना आहे. पण आपण तो वाचतो कुठे? ऑक्सिंडेनच्या टिपणात, इंग्रजी वखारीच्या दप्तरात. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये ते कागद छापले म्हणून. आणखी ठळक उदाहरण १६७७ च्या कौलाचे. कर्नाटकच्या मोहिमेवर असताना महाराजांनी तिथल्या डच वखारवाल्यांना व्यापाराचा कौल दिला, त्यात आधीच्या राजवटीत चालत असलेली स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी आणि त्यांची परदेशी रवानगी या प्रदेशावर आपला अंमल आहे तोवर चालणार नाही, अशी मनाई घातली. सतराव्या शतकातल्या जगात असे लिहिणारे राज्यकर्ते फार नव्हते. हा मजकूर आपल्याला कळतो तो डच भाषांतरातून, डच कंपनीच्या दप्तरात राहिलेल्या नोंदीवरून. त्या पानावर ना मुद्रा, ना मोर्तब. लिलावात ते पान ठेवले तर कुणी हात वर करणार नाही.

आपली स्वतःची कागदाची परंपरा सहीभोवती कधी फिरलीच नाही. चार्ल्सची सही कागदाच्या माथ्यावर असे, तळाशी मंत्र्याची प्रतिसही. महाराजांच्या हयातीतल्या पत्रांवर आपल्याला दिसते ती माथ्याची मुद्रा आणि मजकूर संपल्याजागी उमटवलेली छोटी मोर्तब. मोर्तबेचा हेतू अगदी व्यवहारी: पत्र इथे संपले, याखाली कुणी ओळ वाढवू नये. पाठीमागे कारकुनी शेरे असत. कागद कुठल्या फडातून फिरला, कुठे रुजू झाला, हे त्यावरून कळे. एका माणसाच्या मनगटापेक्षा चिटणीस, मुजुमदार, सुरनीस यांच्या साखळीवर विश्वास ठेवणारी ही पद्धत होती. रांझ्याच्या पाटलाला बदअमलाबद्दल दिलेल्या शिक्षेचे जानेवारी १६४६ चे प्रसिद्ध पत्र घ्या. त्या पत्राचे वजन महाराजांच्या हस्ताक्षरात नाही. एका मावळी गावची पाटीलकी कुणाकडून कुणाकडे गेली, का गेली, याची ती नोंद आहे म्हणून ते भारी. गावपातळीवर तर याहून मौज. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, महजर लिहिला जाई आणि खाली हजर मंडळींच्या निशाण्या होत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचा वाकस. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचे हत्यार साक्ष देई. लंडनच्या बाजाराला चार्ल्सच्या नावापुढे या नांगराची काय मातब्बरी! पण सतराव्या शतकात कोण कुठे राहत होते, कोण कुणाच्या शेजारी बसून न्याय करत होते, हे सांगायची ताकद नांगराच्या त्या चार रेघांत अधिक आहे.

आता मुठा गावाकडे येऊ. पुण्याभोवतीच्या मावळांपैकी मुठे खोरे हे एक. त्याची देशमुखी मारणे घराण्याकडे होती. शेजारच्या मोसे खोऱ्यात पासलकर, पौड खोऱ्यात ढमाले, आणि पलीकडे रोहिड खोऱ्यात, आजच्या भोर तालुक्यातल्या कारी गावी, जेधे. कारीच्या जेध्यांच्या घरातून निघालेली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये छापली गेली, आणि शिवजन्माचा सगळा वाद तिने नव्या वळणावर नेला. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही जी तारीख आज राज्यभर सुटी देऊन साजरी होते, तिचा मोठा आधार हा कागद. त्यावर कुणा राजाची सही नाही. तारखा आणि घटना यांची ती साधी टिपणवही, एका देशमुखाच्या घरात जपलेली. अशा एका वहीने एवढे काम केले, तर बाकीच्या खोऱ्यांतल्या माळ्यांवर काय असू शकेल याचा अंदाज करावा. रायगड १६८९ मध्ये मोगलांकडे गेला, राजधानीचे दप्तर आपल्या हाती उरले नाही. पुण्याच्या पुरालेखागारात कोट्यवधी कागद आहेत, पण त्यांतला मोठा भाग पेशवाईचा. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. तेवढ्यानेही अठराव्या शतकाचा इतिहास बदलून गेला. सतरावे शतक मात्र वाड्यावस्त्यांवर विखुरले आहे, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या पाया पडून दप्तरे मिळवली ती त्याच जाणिवेने. कागदाचे महत्त्व आज कुणाला पटत नाही असेही नाही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे ती मागणी आली. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीतली एक फिकट ओळ घराघराच्या भवितव्याचा प्रश्न झाली. त्या ओळीवरही कुणाची दिमाखदार सही नव्हती.

यावर पहिली हरकत भावनेची घेतली जाईल, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वाघनखे बघायला साताऱ्यात रांगा लागल्या; रुमाल बघायला कोण येणार? मुलांना इतिहासाची गोडी वस्तूने लागते, जमाखर्चाच्या कागदाने नाही. हे खरे. तलवार विकत घेण्यालाही माझा विरोध नाही. पण तलवार एकटी उभी राहू शकते, पत्र राहू शकत नाही. पत्राला आधीचे पत्र असते, त्याला आलेले उत्तर असते. भावंडांतून काढून काचेत ठेवलेले पत्र शोभेचे होते, बोलके राहत नाही. दुसरी हरकत अधिक व्यवहारी आहे, आणि मला ती सर्वांत वजनदार वाटते: कागदाला बाजारात भाव नसेल तर तो रद्दीत जाईल, निदान भावाच्या आशेने तरी लोक तो राखतील. काही अंशी हे घडतेही. पण बाजार निवडतो काय, हे पाहा. शिक्का असलेला एक कागद उचलला जातो आणि बाकीचे दप्तर, ज्यामुळे त्या कागदाचा अर्थ लागला असता, ते तसेच टाकले जाते. शिवाय जिथे शिक्क्याला भाव, तिथे बनावट शिक्के. वतनाच्या तंट्यांत खोट्या सनदा रचणारे आपल्याकडे शिवकाळापासून आहेत; अस्सल कागद ओळखण्यातच संशोधकांच्या पिढ्या गेल्या. सहीच्या बाजाराने या जुन्या धंद्याला नवे भांडवल मिळेल. कायदाही इथे आहेच: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. मात्र माळ्यावर काय आहे हेच ठाऊक नसेल, तर कायदा राखणार कशाला?

तिसरी हरकत घरमालकांची. कागद दाखवला की सरकार नेईल, भाऊबंद हिस्सा मागतील, जमिनीचा जुना दावा उकरला जाईल. मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे गुंठ्याच्या भावाने माणसे बदलली, लवासाच्या रस्त्याने टेकड्यांचे नकाशे बदलले, तिथे ही धास्ती निराधार म्हणता येत नाही. आणि सरकारी किंवा संस्थांच्या ताब्यात कागद सुरक्षित राहतोच असेही नाही. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला अजून विस्मरणात गेलेला नाही. म्हणूनच मूळ कागद उचलून पुण्याला नेण्याचा आग्रह सोडावा. ओसरीवर पांढरी चादर अंथरून रुमाल सोडावा, पानन्‌पान क्रमाने टिपावे, रुमाल होता तसा बांधून परत द्यावा आणि घरच्यांना छापील प्रत द्यावी. कुठला कागद खुला करायचा आणि कुठला काही वर्षे बंद ठेवायचा, हे घराने ठरवावे. मूळ घरी, एक प्रत पुरालेखागारात, एक भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत: एक जळले तरी दोन उरतील. यासाठी मोडी वाचणारे हवेत, त्यांना सुट्टीतल्या हौशी वर्गाबाहेर पगारी काम हवे. आणि तेवढेच निकडीचे दुसरे काम परदेशात आहे. डच कंपनीचे दप्तर हेगच्या राष्ट्रीय पुरालेखागारात आहे. २००३ मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतिठेव्यात घेतले. त्याची लाखो पाने आता यंत्राने वाचून शोधण्याजोगी झाली आहेत. वेंगुर्ल्याच्या डच वखारीतून तळकोकणाच्या बातम्या वर्षानुवर्षे जात होत्या. वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, तिथून गेलेली पत्रे वाचणारी मराठी माणसे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. जुनी डच आणि जुनी पोर्तुगीज शिकवणारी अध्यासने राज्यातल्या विद्यापीठांत उभी करायला लिलावातल्या नामांकित वस्तूपेक्षा जास्त खर्च येईल असे नाही; फक्त त्याचा फोटो निघत नाही.

मावळात कागद टिकले ते काही अंशी चुलीमुळे. दप्तर माळ्यावर, माळा चुलीच्या वर, आणि बाराही महिने धुराने कसर-वाळवी लांब राहायची. मुठे खोऱ्यातला पाऊस कागदाला कधीच मानवणारा नव्हता, तो धूरच राखणदार होता. आता गॅस आला, कौले उतरून स्लॅब पडले, जुने वाडे पाडताना माळ्यावरचे सामान अंगणात येते आणि पहिल्या वळवात भिजते. टेमघरच्या डोंगरावर ढग दाटायच्या आत कॅमेरा, चादर आणि एक मोडी जाणणारा माणूस घेऊन मुठा गावी पोहोचायला पुण्याहून फार तर दीड तास लागतो.